विद्यापीठातील ती दोन वर्षे

आपल्या विद्यालयातील एखादा मुलगा किंवा मुलगी पुढे शहरातल्या नामांकित विद्यापीठात प्रवेश मिळवते, तेव्हा पेढे घेऊन आलेले पालक मला हमखास विचारतात, “सर, तिथं कसं असतं?” मी तिथे दोन वर्षे काढली आहेत, हे त्यांना ठाऊक असते. आजवर मी ग्रंथालय, प्राध्यापक, रेल्वेचा पास असे सोयीचे उत्तर देत आलो. संपादक मंडळाने स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा या वेळी पुरते उत्तर द्यावे असे ठरवले.

जून १९९० मध्ये आम्ही दोघे मुंबईला निघालो. मी आणि माझा मित्र. याच विद्यालयात पाच वर्षे एका बाकावर बसलेला. त्याचे नाव लिहीत नाही, मात्र त्याला विचारूनच लिहीत आहे. महाडहून रात्रीच्या एस.टी.ने परळला उतरलो आणि पत्र्याच्या ट्रंका घेऊन थेट फोर्टला गेलो. माहितीपत्रकावर राजाबाई टॉवरचे चित्र होते; विद्यापीठ म्हणजे तेच, ही आमची समजूत! प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने बांधवून घेतलेला, १८७८ मध्ये पूर्ण झालेला तो मनोरा आम्ही मान वर करून पाहत राहिलो. पहारेकऱ्याने चौकशी केली आणि हसून सांगितले, “इतिहासाचे वर्ग इथं नाही भरत. कलिन्याला जा.” पुन्हा ट्रंका खांद्यावर, चर्चगेट, तिथून सांताक्रूझ. रानडे भवनाची साधी सिमेंटची इमारत पाहून मित्र म्हणाला, “अरे, हिला घड्याळसुद्धा नाही.”

घड्याळ नव्हते तशी घंटाही नव्हती. आपल्या विद्यालयात पहाटे पाचला घंटा, मग त्रिशरण-पंचशील, अभ्यासिका आणि दोन्ही वेळा एका पंगतीत जेवण. पंगतीत एक जागा रिकामी दिसली तरी गुरुजी पानावरून उठून शोधायला जात. विद्यापीठात तुम्ही तासाला आलात की नाही, जेवलात की नाही, हे कोणी विचारीत नसे. पहिले काही दिवस आम्हाला ते स्वातंत्र्य वाटले, आणि ते होतेही.

प्राध्यापक चांगले होते. व्याख्याने इंग्रजीत चालत, उत्तरपत्रिका मराठीत लिहिण्याची मुभा होती. कोसंबी, रामशरण शर्मा ही नावे आम्ही तिथे प्रथम ऐकली. आमच्याच तालुक्याच्या गावातील २० मार्च १९२७ ची घटना हा इतिहासाच्या अभ्यासाचा विषय होऊ शकतो, त्यामागे १९२३ चा बोले ठराव होता आणि तळ्याचा दावा मुंबई उच्च न्यायालयात थेट १९३७ पर्यंत चालला, हे मला गावात नव्हे, तर मुंबईत नीट कळले. त्याच पहिल्या सत्रात, ७ ऑगस्टला, मंडल आयोगाच्या अंमलबजावणीची घोषणा झाली. कँटीनमधील चर्चेचा सूर एका दिवसात पालटला. कालपर्यंत आमच्या वह्या मागणारे आज “तुम्ही कोणत्या कोट्यातून?” असे विचारू लागले. मित्र हिरीरीने वाद घाली. तो माझ्याहून हुशार होता, हे मी तेव्हाही जाणून होतो.

राहण्याची व्यवस्था मात्र आमची वेगवेगळी झाली. त्याला शहरातील एका वसतिगृहात जागा मिळाली. मला मिळाली नाही, म्हणून मी नायगावच्या बीडीडी चाळीत आमच्या गावाच्या खोलीत राहिलो. जेमतेम १६० चौरस फुटांच्या त्या खोलीत आम्ही अकरा जण होतो. निम्मे १९८२ च्या संपात गिरणी सुटलेले, कोणी गोदीत, कोणी नाक्यावर. ट्रंका भिंतीला एकावर एक, अंथरुणे गॅलरीत. मी गॅलरीतल्या दिव्याखाली पाठीला भिंत लावून वाचत असे. मित्राच्या खोलीत खाट होती, खिडकी होती, आणि एक टेबल होते. त्या टेबलाचा मला किती हेवा वाटे! त्याच्याकडे गेलो की मी मुद्दाम त्या टेबलाशी बसून टिपणे उतरवीत असे.

आमच्या खोलीत तात्या म्हणून एक वृद्ध कामगार होते. मी कितीही उशिरा आलो तरी झाकलेल्या ताटात तांदळाची भाकरी आणि सुकट असे. “जेवलास काय?” एवढाच त्यांचा प्रश्न. त्या प्रश्नाचा मला कधीकधी कंटाळाही येई.

शिष्यवृत्ती येईना. सप्टेंबर गेला, दिवाळी गेली. कार्यालयात आज साहेब नाहीत, उद्या कागद अपुरा. त्या खिडकीचे नाव लिहून आता उपयोग नाही. माझे त्यावाचून अडत नव्हते, कारण महिन्याचा हिशेब होई तेव्हा “शिकतोय त्याच्याकडून काय घ्यायचं?” म्हणून खोलीतले लोक माझा वाटा आपसांत वाटून घेत. मित्राची मेसची बाकी वाढत गेली. डिसेंबरात थकबाकीदारांच्या यादीत त्याचे नाव लागले, आणि तो मेसमध्ये जाईनासा झाला. तो दोन वेळा चहा-पावावर राहतो, हे माझ्या लक्षात आले होते. लक्षात आले होते, हे मी येथे स्पष्ट लिहितो. एके दुपारी कँटीनमध्ये तो म्हणाला, “भूक नाही.” मला पुराभिलेखागारात जायचे होते. ते एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत आहे. ज्या महाविद्यालयात बाबासाहेब शिकले तेथील कागद वाचायला मिळणार, या आनंदात मी निघून गेलो. नायगावला चल, एवढे म्हणणे मला सुचले नाही. अकरांत बारावा सहज मावला असता. जानेवारीत तो ट्रंक घेऊन गावी गेला. मला आठ दिवसांनी कळले.

त्यानंतर बाबासाहेबांच्या चरित्राकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागलो. कोलंबिया विद्यापीठ म्हटले की आपण सेलिग्मन आणि ड्यूई यांची नावे घेतो, ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचविशीतल्या बाबासाहेबांनी वाचलेला जातिसंस्थेवरील निबंध सांगतो, अठरा-अठरा तासांचा अभ्यास सांगतो. व्यासपीठावरून मीही वर्षानुवर्षे तेच सांगितले. पण न्यूयॉर्कच्या लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये त्यांच्यासोबत नवल भथेना नावाचा एक पारशी तरुण राहत होता, हे आपण क्वचितच सांगतो. ही मैत्री वसतिगृहापुरती राहिली नाही. १९२० मध्ये अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा पदरची बचत आणि शाहू महाराजांचे साहाय्य यांच्या जोडीला भथेनांनी दिलेले पाच हजार रुपयांचे कर्ज होते. बाबासाहेबांनाही खोलीत कोणीतरी लागले. आम्ही तर साधी मुले होतो.

मी १९९२ मध्ये एम.ए. झालो. शिष्यवृत्तीची रक्कम अखेर आली. मित्राचीही आली असणार, ती घ्यायला तो नव्हता. गावी त्याने शेती केली, पुढे एस.टी.त चिकटला. आम्ही भेटत राहिलो, पण या विषयावर पुष्कळ वर्षे बोललो नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या धाकट्या मुलीला एम.ए.ला प्रवेश मिळाला, अर्थशास्त्र विषयात. तीही आपल्याच विद्यालयाची. तो पेढे घेऊन आला, पण तिथे कसे असते हे त्याने विचारले नाही. “तू चल बरोबर,” एवढेच म्हणाला. तिला पोहोचवायला आम्ही तिघे गेलो. वसतिगृहात तिची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. ती भराभर जिना चढून गेली. तो खालीच थांबला. मेसची खिडकी कुठे आहे ते विचारून रांगेत उभा राहिला, आणि सबंध सत्राचे पैसे मोजून दिले. पावती दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि मला म्हणाला, “आता वर जाऊ. टेबल कसलं आहे ते बघू.”