डाळ न शिजणारं पाणी

परवा इथं कण्णूरला युनिटमधला एक जवान क्वार्टरवर आला. सांगलीकडचा आहे, नुकतंच लग्न झालंय, फॅमिली गेल्याच महिन्यात आणली. म्हणाला, "साहेब, चार फुटी टाकी घेतलीय. सिक्लिड टाकायचेत. दुकानवाला म्हणतोय मिक्स न्या, तीस नग स्वस्तात लावतो. घेऊ का?"

मी विचारलं, "तुझ्या घरात डाळ किती शिट्ट्यांत शिजते?"

तो बघतच राहिला. साहेबांना माशांचं विचारलं आणि साहेब डाळीवर गेले. त्याला पुढं जे सांगितलं ते इथं जरा सविस्तर लिहितो, कारण ही अक्कल मला फुकट आलेली नाही.

२०१७ ची गोष्ट. मी उत्तर सिक्कीममध्ये फील्डला होतो आणि फॅमिली बिकानेरला. मुलाची शाळा मोडू नये म्हणून क्वार्टर ठेवायची परवानगी घेतली होती. तो तेव्हा तिसरीत. फेब्रुवारीत वीस दिवसांची सुट्टी मिळाली. सुट्टीवर आलेला बाप काय करतो हे फौजेतल्या लोकांना सांगायला नको, वर्षभराचं बापपण वीस दिवसांत उरकतो. सायकल घेऊन झाली, उंटावर बसवून झालं, मग मासे. बाजारातल्या एका दुकानातून दोन फुटी टाकी घेतली आणि मुलाला म्हणालो, "आवडेल तो दाखव."

त्यानं दाखवले. वाघासारख्या पट्ट्यांचा दोन इंची ऑस्कर एक. पतंगासारखे उभे एंजल दोन. लिंबासारखे पिवळेधमक यलो लॅब दोन. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची कन्व्हिक्टची जोडी. आणि काच चाटणारा एक सकर. एकूण आठ. दुकानदार म्हणाला, सकर सोडला तर सगळे सिक्लिडच आहेत, एकाच खानदानातले, जमवून घेतील. एकाच खानदानातले लोक किती जमवून घेतात हे गावाकडची बांधावरची भांडणं पाहिलेल्या माणसाला कळायला हवं होतं. पण पोरगं खूश होतं आणि माझी गाडी दोन दिवसांवर आली होती.

पुढचे पाच महिने फोन लागला की मी विचारायचो, "मासे कसे आहेत?" आणि पलीकडून उत्तर यायचं, "मस्त आहेत, पप्पा."

जुलैत दीड महिन्याची सुट्टी घेऊन आलो. टाकीत एकच मासा होता. ऑस्कर, वीतभर वाढलेला, वळताना शेपूट काचेला घासत होती. पाणी गढूळ. सकरसुद्धा नव्हता. मुलानं काही न बोलता दप्तरातून एक वही आणून दिली. तिच्यात तारखा होत्या. दोन मार्च, एंजलची शेपूट फाटली. नऊ मार्च, एंजल गेला. मग दुसरा एंजल. एप्रिलमध्ये झेब्रानं अंडी घातली, सगळे कोपऱ्यात. मे महिन्यात एका रात्री लाईट गेली, सकाळी दोन मेले. जूनमध्ये लहान यलो "सापडत नाही". त्या "सापडत नाही"ला मी बराच वेळ बघत बसलो. ऑस्करच्या टाकीत मासा सापडत नाही म्हणजे तो कुठं गेला हे सांगायची गरज नसते.

हिला विचारलं, मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, "तुम्ही तिकडं बर्फात. माशांसाठी तुमच्या डोक्याला ताप कशाला?" मुलाला खोटं बोलायला कुणी शिकवलं नव्हतं. आदल्या वर्षी माझे वडील घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा मला तीन आठवड्यांनी सांगितलं होतं. तोवर फोनवर सगळं ठीकच होतं. पोरानं ते पाहिलेलं होतं. त्यामुळं त्याच्यावर रागावता येईना.

मग मी शोधायला बसलो की चुकलं काय. त्या सुट्टीत मी माशांविषयी जेवढं वाचलं तेवढं प्रमोशनच्या परीक्षेसाठीही वाचलं नव्हतं.

पहिली चूक पाण्याची. सिक्लिड हे कूळ फार मोठं. ऑस्कर आणि एंजल दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातले, तिथलं पाणी मऊ, थोडं आम्लाकडं झुकणारं. कन्व्हिक्ट मध्य अमेरिकेतला. आणि यलो लॅब आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातला. या एका सरोवरात सिक्लिडच्या शेकडो जाती आहेत आणि तिथलं पाणी जड, पीएच आठच्या आसपास. आमच्या ब्लॉकला बोअरचं पाणी यायचं. गीझरची कॉइल दरवर्षी चुन्यासारख्या थराखाली बुजून जळायची, साबणाला फेस नाही, आणि ही कायम कुरकुरायची की इथं तूरडाळ शिजता शिजत नाही. टेस्ट किटचे थेंब टाकले तर पीएच आठच्या वर. म्हणजे ज्या पाण्याला आम्ही दोन वर्षं शिव्या घालत होतो, ते मलावीच्या माशांना घरच्यासारखं होतं. एंजलला नव्हतं. पाळलेले एंजल बऱ्याच प्रकारच्या पाण्यात जगतात हे खरं, पण फाटलेले पर आणि परकं पाणी दोन्ही एकदम सोसणं वेगळं. पाणी बदलायला औषधं मिळतात, पण दर आठवड्याला बादल्यांनी पाणी बदलायचं असतं, तेव्हा तो खेळ फार दिवस चालत नाही. नळाला जे येतं त्याला मानवणारा मासा निवडावा.

दुसरी चूक मापाची. दुकानात सगळे दोन-दोन इंचांचे असतात, म्हणून सारखे वाटतात. ऑस्कर वर्षभरात दहा-बारा इंचांकडं जातो आणि तोंडात मावेल ते खाण्याचं समजतो. यलो लॅब चार इंचांवर थांबतो. भरतीच्या रांगेत पोरं बघतो तसे मासे बघायचे नसतात. पूर्ण वाढल्यावर काय होणार ते आधी विचारायचं.

तिसरी जागेची. कन्व्हिक्टची जोडी जमली आणि अंडी पडली की ती दोघं मिळून आपल्या टप्प्यात येईल त्याला हाकलतात. दोन फुटांच्या टाकीत टप्पा म्हणजे अख्खी टाकी. छप्पन लिटर पाण्यात बाकीच्यांनी पळायचं कुठं?

ऑस्करचं काय करायचं हा प्रश्न होता. शेजाऱ्यानं सुचवलं, गजनेरच्या तळ्यात सोडून द्या. तसं कधीच करू नका. तिलापियाही सिक्लिडच आणि उजनीत ही चिलापी कशी माजलीय ते इंदापूर-करमाळ्याकडच्यांना विचारा. शेवटी एका साहेबांकडं सहा फुटी टाकी होती, त्यांनी ठेवून घेतला. मुलानं जूनपासून ऑस्करकडं बघणं सोडलं होतं, खाणं टाकताना तोंड फिरवायचा असं ही म्हणाली. पण बादलीतून नेताना तोच रडला. ते मला तेव्हा समजलं नाही, अजूनही नीट समजलेलं नाही.

मग चार फुटी टाकी घेतली, लांब चार, रुंद आणि उंच दीड-दीड, म्हणजे साधारण दोनशे चाळीस लिटर. बिकानेरला दुलमेऱ्याचा लाल दगड कुठंही पडलेला मिळतो. तो घासून, भिजवून, टाकीत मागच्या बाजूनं रचला, खालीच मजबूत टेकवून, कारण हे मासे वाळू उकरतात आणि वरचा दगड काचेवर येऊ शकतो. मलावीच्या खडकांत राहणाऱ्या माशांना म्बुना म्हणतात, त्यांना दडायला फटी हव्यातच. जुन्या फिल्टरचा स्पंज नव्या फिल्टरला लावला, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू आयते आले. नाहीतर नवी टाकी तयार व्हायला महिना-दीड महिना जातो. जड पाण्यात ही घाई जास्तच महाग पडते, कारण पीएच जितका चढा तितका अमोनिया विषारी.

आता मासे. या वेळी दुकानात जायच्या आधी मी आणि मुलगा कागद घेऊन बसलो. त्याला औराटस हवा होता. लहानपणी सोन्यासारखा पिवळा, अंगावर काळ्या रेघा, दुकानातला सगळ्यांत देखणा. पण नर वाढला की रंग काळपट होतो आणि टाकीतल्या प्रत्येकाला धरून मारतो. "मिक्स आफ्रिकन"च्या पिशवीत हटकून निघतो तो हाच. त्याच्यावर काट मारताना पोराचं तोंड एवढंसं झालं. मी म्हटलं, तुझ्या वहीत परत तारखा लिहायच्यात का?

शेवटी तीनच जाती ठरल्या. यलो लॅब आठ, यलो टेल ॲसी सहा, रस्टी सहा. तिन्ही म्बुनांमध्ये सौम्य स्वभावाच्या आणि रंगानं एकमेकींपासून वेगळ्या. हे महत्त्वाचं, कारण नर आपल्यासारखा दिसणाऱ्यावर आधी धावून जातो, आणि जवळच्या जाती एकत्र ठेवल्या तर संकर होतो. ॲसी पाण्याच्या वरच्या भागात फिरतात, म्हणून दगडांवरची भांडणं आपोआप कमी. नर-मादी लहानपणी ओळखता येत नाहीत, म्हणून प्रत्येकी सहा-आठ घ्यायचे, म्हणजे एका नरामागं दोन-तीन माद्या पडण्याची शक्यता राहते. एक नर, एक मादी ठेवली तर मादीचा जीव जातो.

सगळ्यात उलटं वाटतं ते असं, की या माशांत चारच ठेवले तर मारामारी जास्त. दुबळा कोण हे ठरतं आणि त्याच्या मागं सगळे लागतात. वीस ठेवले तर मार वाटला जातो. अर्थात फिल्टर तसा दमदार हवा आणि दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायलाच हवं. घ्यायचे तेही शक्यतो एकदमच. नंतर एखादा नवा टाकायची वेळ आली तर आधी दगडांची जागा बदलायची, म्हणजे जुन्यांचे इलाके मोडतात आणि सगळेच नवीन होतात. नवीन युनिटमध्ये एकटा पोस्टिंग आलेला माणूस कसा दबकत वावरतो, आणि युनिट मूव्ह झालं की सगळेच कसे बिस्तरा शोधत असतात, ते आठवा.

खाण्यातही मेळ लागतो. म्बुना दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारे. त्यांना ऑस्करचं मांसाहारी खाणं रोज घातलं तर पोट फुगून मरतात. स्पिरुलिनाचे दाणे, थोडे थोडे, दिवसातून दोनदा. ॲसी आणि रस्टी बिकानेरला मिळाले नाहीत, जयपूरहून मागवले.

निघायच्या आदल्या रात्री मी मुलाला एवढंच म्हणालो, "दर रविवारी रिपोर्ट द्यायचा. मेला तर मेला सांगायचं." हिलाही तेच सांगितलं, आणि ती माशांपुरतं नाही हे तिला कळलं.

सगळं छान झालं असं नाही. पहिल्याच महिन्यात एक रस्टी गेला, रविवारी कळलं. २०१८ च्या मे-जूनमध्ये पाणी बत्तीस अंशांवर गेलं. गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो, तेव्हा दुसरा एअर पंप इन्व्हर्टरवर लावून घेतला आणि मुलगा दुपारी बर्फाच्या बाटल्या टाकीत तरंगत ठेवायचा. एका रविवारी तो घाबरून म्हणाला, "पप्पा, एक यलो काहीच खात नाही. गाल सुजलेत." मी वर पोस्टवर होतो, आवाज तुटत होता. त्याला सांगितलं, आजारी नाही, तिच्या तोंडात अंडी आहेत. साधारण तीन आठवडे ती तशीच राहते, उपाशी. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मम्मीला पण ताप आहे. चार दिवस झाले. सांगू नको म्हणाली होती."

मी रात्रीच शेजारच्या क्वार्टरमध्ये फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी हिला मिलिटरी हॉस्पिटलला नेलं. टायफॉइड निघाला. वेळेत निघाला.

२०२० मध्ये माझी कण्णूरला बदली झाली, पीस स्टेशन, फॅमिलीसह. बिकानेरहून केरळपर्यंत मासे नेणं शक्य नव्हतं, आणि नेऊन उपयोगही नव्हता. इथल्या जांभ्या दगडातलं विहिरीचं पाणी मऊ, आम्लाकडं झुकणारं. डाळ दोन शिट्ट्यांत गळते. इथला खास सिक्लिड म्हणजे करीमीन, केरळचा राज्यमासा, गोव्यात ज्याला कालुंदर म्हणतात तोच. तो आम्ही टाकीत नाही, ताटात ठेवतो. टाकीत आता फक्त एंजल आहेत, सहा, कुणी त्यांचे पर फाडत नाही.

बिकानेरची टाकी शेजारच्या हवालदारांना दिली. मुलानं फौजेतल्यासारखं रीतसर हँडिंग-टेकिंग केलं. वहीच्या दोन पानांवर त्यानं हिंदीत लिहून दिलं: मासे किती, खाणं किती, पाणी कधी बदलायचं, उन्हाळ्यात काय करायचं, औराटस आणायचा नाही. सगळ्यात खाली लिहिलं होतं, मासा मेला तर कळवा.

तिसऱ्या महिन्यात हवालदारांचा फोन आला. मी उचलला. ते म्हणाले, "साब, एक ॲसी गेला. फोन जरा मुलाकडं द्या."