एका दिवसाचा खाडा

माझ्या बहिणीचा मुलगा आमच्याकडे देहूरोडला राहतो आणि चाकणला एका परदेशी मोटार कंपनीत ठेकेदारामार्फत कामाला जातो. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचे मतदान होते. मत द्यायला तो लातूरकडे आपल्या गावी गेला. पुढच्या पगारात एक खाडा लागलेला! मी विचारले, तर म्हणतो, "मावशी, मत दिलं, पण रोज बुडाला."

मी कायदा शोधून वाचला. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१, कलम १३५-ब. मतदाराला भरपगारी सुट्टी, रोजंदारीवाल्यालासुद्धा. आणि मोडणाऱ्या मालकाला दंड किती? पाचशे रुपयांपर्यंत! मुलाचा रोजच त्याहून जास्त आहे.

माझे वडील पिंपरीच्या पेनिसिलिनच्या कारखान्यात होते. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली उभी राहिली ती जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या मदतीने. त्याच वर्षी २५ डिसेंबरला बाबासाहेबांनी आमच्या देहूरोडला बुद्धमूर्ती बसवली, तीही रंगूनहून आलेली. तेव्हा बाहेरून आलेले सगळेच वाईट, असे मी म्हणणार नाही. पण तो कारखाना सरकारचा होता. राखीव जागा, कायम नोकरी, युनियन हे सगळे त्यामुळे मिळाले. माझे आजोबा गावात पाटलाच्या ओट्याखाली उभे राहत; त्यांचा मुलगा गेटसभेत साहेबांसमोर बोलायचा. नोकरी जाणार नाही, ही खात्री पाठीशी होती.

आमच्या मुलाच्या कंपनीत भिंतीवर मानवी हक्कांचा मोठा फलक आहे, इंग्रजीत. आयटीआय झालेला मुलगा, त्याला तो वाचता येतो. पण त्याचा गेटपास वेगळ्या रंगाचा, त्यावर नाव ठेकेदाराचे. कंपनीच्या लेखी तो त्यांचा माणूसच नाही. राखीव जागा खाजगीत नाहीत, आणि युनियनचे नाव काढले की दुसऱ्या दिवशी पास चालत नाही.

राजकारणात एक मत, एक मूल्य. पण सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता, हा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत दिलेला इशारा आपण दर जयंतीला ऐकतो. मीही ऐकत आले. तो कळला मात्र या पगारपत्रकावरून.

मी त्याला तक्रारीचा अर्ज लिहून दिला. सही करताना तो थांबला. "मावशी, फेब्रुवारीत ब्रेक आहे. परत घेतात की नाही बघू, मग देऊ."

फेब्रुवारी गेला. त्याला परत घेतले. अर्ज अजून कपाटातच आहे, कारण पुढचा ब्रेक ठरलेला असतो.