आतला पीळ

धाराशिवच्या माणसाला देव गाठायचा तर उतरावं लागतं. तुळजापुरात पायऱ्या खाली, येडशीच्या रामलिंगालाही खालीच. बालाघाटाच्या पाठीवरच घर, चढायचं कुठे? तरी चाळिशी उलटल्यावर अलंग-मदन-कुलंगच्या तीन दिवसांच्या ट्रेकला नाव दिलं आणि इगतपुरी तालुक्यातल्या आंबेवाडीत पहाटे याची गाठ पडली.

निळा, करंगळीएवढा जाड, पिशवीत वेटोळं घालून बसलेला. दोर म्हटलं की मला अंबाडीचं चऱ्हाट, बैलाचा कासरा, मोटेचा नाडा आठवतो. सगळ्यांचा पीळ बोटांना टोचतो. याच्या अंगाला पीळच लागेना. लीडर पोरगेलासा होता. म्हणाला, "पीळ आत आहे, काका." वरची विणलेली खोळ म्हणजे नुसता अंगरखा. आत नायलॉनच्या पेडांची जुडी; अर्धे पेड डावीकडे वळलेले, अर्धे उजवीकडे, म्हणून लोंबकळणारा माणूस भिंगरीसारखा फिरत नाही. असा दोर कसोटीला लावतात तेव्हा 80 किलोचं वजन किमान 5 वेळा त्याच्यावर आदळवतात. तेवढं सोसलं तरच पास.

स्वभाव मात्र सोवळ्याचा. याच्यावर पाय द्यायचा नाही. खोळीत घुसलेला खडा आतले धागे कापत राहतो. माझा पाय पडलाच. सवयीनं वाकून हात लावला आणि छातीशी नेला. कुणी हसलं नाही.

मराठी डोक्यात गडावरचा दोर सिंहगडापासून कापलेलाच असतो. इथे उलटं. 1818 मध्ये इंग्रजांनी या गडांच्या पायऱ्या सुरुंगानं उडवल्या, त्या तुटक्या जागी आता हा कामाला असतो. मदनवरचा तो कडा जेमतेम पन्नास फुटांचा, पण पाठीमागे नुसती हवा. आम्हा नवख्यांना वाटायचं, रोप आपल्याला वर ओढून घेणार. छे! चढायचं आपणच. तो पोटाशी बांधलेला, सैलसर, आपल्या पुढे पुढे सरकत राहतो. इतका अलिप्त की राग यावा. "टाइट! टाइट कर!" मी ओरडत होतो. वरून शांत आवाज, "पाय बघा, काका. रोप बघू नका."

निम्म्यात डावा पाय सुटला. हातभर खाली गेलो असेन. त्यानं आधी थोडं ताणून घेतलं, झटका स्वतःच्या अंगात जिरवला आणि मग झोळीतल्या पोरासारखं मला धरलं. कड्याला गाल लावून मी तसाच थांबलो. समोर दगडाच्या फटीत मुंग्यांची रांग चालली होती.

पुढे कुलंगच्या चढावर तो लीडरच्या पाठीवरून आला, आमच्यासारखाच थकलेला, मातकट.

दोन वर्षांनी तो निवृत्त झाला. असा दोर तुकडे करूनच टाकतात, म्हणजे चुकूनही कुणी त्यावर चढू नये. लीडरनं एक चार हाती तुकडा मला दिला. आईनं तो निरखला. "पीळ न्हाई रं ह्याला, धरंल कसा?" म्हणत वासराला बांधला. गुळगुळीत अंग, गाठ निसटली आणि वासरू शेजारच्या ज्वारीत. मग मी ट्रेकवरची, इंग्रजी आठच्या आकड्याची गाठ मारून दिली. आईनं ती उलटीसुलटी करून पाहिली, आणि वर आपली एक मारली.