नकाशातले मांजलपूर

दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या जुन्या भागांतील वाडे सोडून वडोदऱ्याच्या दक्षिणेस गेलेल्या मराठी कुटुंबांपैकी पुष्कळांच्या पत्त्यावर आज मांजलपूर हे नाव असते. एके काळचे हे खेडे आता शहरात पूर्णपणे मिसळून गेले आहे. तुळशीधाम चार रस्त्यापासून दरबार चोकडीपर्यंत आम्ही एका संध्याकाळी पायी हिंडलो. सोबत आमचा एक जुना विद्यार्थी होता. तो आता वास्तुशिल्पी आहे.

आम्ही इमारती पाहत होतो; तो मात्र त्यांचे नकाशे पाहत होता. "सर, ही दुकाने दिसतात ना, तिथे नकाशात वाहनतळ आहे. हा गच्चीवरचा मजला नकाशात नाहीच. आणि दोन इमारतींमधली ही मोकळी पट्टी पत्र्याने झाकली आहे. आग लागली तर बंब कुठून शिरणार?"

नकाशा मंजूर होऊन रजा चिठ्ठी हाती पडली की कित्येक बिल्डरांच्या लेखी वास्तुशिल्प्याचे काम संपते. पुढे खांबाची जागा सरकते, सज्जा खोलीत जातो, हवा-उजेडाचा चौक बुजतो. नकाशावर सही मात्र वास्तुशिल्प्याचीच राहते. आमच्या या विद्यार्थ्याने अशाच एका कामातून लेखी कळवून अंग काढून घेतले. ठरलेल्या शुल्कातील मोठा हिस्सा बुडाला, आणि त्या बिल्डरने पुढचे काम दुसऱ्याला दिले. "पैशाचे दुःख नाही, सर, पण त्या घरांत राहायला येणाऱ्यांना हे कोण सांगणार?" या त्याच्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

हा केवळ नियमांचा काथ्याकूट नव्हे. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा केंद्रापासून २०० किलोमीटरांहून दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळून ७०० हून अधिक माणसे दगावली. तळमजला वाहनांसाठी मोकळा आणि वर भिंतींनी भरलेले जड मजले, अशा इमारतींत धक्क्याचा सारा ताण खालच्या खांबांवर येतो. त्यावर आराखड्यात नसलेला मजला चढविला, की हिशेब पार चुकतो. मांजलपुराजवळच्या अटलादऱ्यात २८ ऑगस्ट २०१३ च्या पहाटे गरिबांसाठी बांधलेल्या वसाहतीतील दोन इमारती कोसळून ११ जीव गेले. इमारत कागदाच्या नव्हे, प्रत्यक्ष कामाच्या बळावर उभी राहते.

अनधिकृत बांधकाम शुल्क भरून नियमित करून देणारे कायदे गुजरातेत २००१, २०११ आणि २०२२ साली झाले. राहणाऱ्यांची घरे वाचावीत हा त्यांमागील हेतू समजण्यासारखा आहे. परंतु आज नियम मोडावा व उद्या शुल्क भरावे, ही सवय त्यातून लागते. शुल्काने कागद सुधारतो, खांब नव्हे. मुंबईत वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीतील वाढीव मजले पाडण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली कायम केला, तेव्हा संकट ओढवले ते आयुष्याची पुंजी घालून घर घेणाऱ्या कुटुंबांवर.

वडोदऱ्याला खरे तर निराळा वारसा आहे. लक्ष्मीविलास राजवाड्याचे शिल्पकार मेजर मँट १८८१ साली निवर्तले. आपली गणिते चुकली, वास्तू ढासळेल, या भीतीने त्यांना ग्रासले होते असे सांगतात. पुढे रॉबर्ट चिझम यांनी ते काम हाती घेतले आणि १८९० साली राजवाडा पूर्ण झाला. तो आजही ताठ उभा आहे. एक शिल्पकार स्वतःच्या रेषांबद्दल इतका धास्तावतो, आणि दुसरा परक्याच्या रेषांचा भार शेवटास नेतो! आज त्याच नगरीत सहीच्या रेषेखेरीज इतर रेषांना किंमत उरू नये, हे शोचनीय होय.

तेव्हा वाचकांस एवढेच सुचवावेसे वाटते, की घर घेताना फरशी आणि रंग पाहण्याआधी मंजूर नकाशा मागावा, वापर-परवानगीचा दाखला पाहावा, आणि नकाशा हाती घेऊन जिना, वाहनतळ, मोकळी जागा व मजल्यांची संख्या पडताळावी. मुलीचे स्थळ पाहताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो; ज्या छपराखाली सारे कुटुंब निजायचे, त्याची चौकशी करण्यात संकोच कसला?