आबांसाठी ६५ टक्के

गेल्या महिन्यात ब्लॉगवर काही लिहिलं नाही, कारण संध्याकाळचा वेळ एका आकड्यात गेला. तो आकडा ६५. व्हर्च्युअल रिॲलिटीचा हेडसेट वापरणारे आणि नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायची इच्छा नसलेले वाचक असतील, त्यांना यातलं काही उपयोगी पडेल. बाकीच्यांनी आबांसाठी वाचावं.

हेडसेट एचटीसी व्हाइव्ह, बदली झालेल्या एका सहकाऱ्याकडून जुना घेतलेला. कॉम्प्युटरमधलं कार्ड एनव्हिडियाचं जीटीएक्स १०६०, सहा जीबीचं. दोन्ही २०१६ सालची. ठिकाण जबलपूर, महिना मे, आणि कूलरचं वारं कॉम्प्युटरच्या खोलीत पोचत नाही.

आबा एएससीत ड्रायव्हर होते. श्रीनगर ते लेह रेशनच्या गाड्या नेल्या, झोजिला आणि फोतुला किती वेळा ओलांडले याचा हिशेब त्यांच्याकडेही नाही. आता वय ७७, हृदयात दोन स्टेंट. उंचीवर जायचं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. झोजिला ३,५२८ मीटर, फोतुला ४,१०८. म्हणजे तो रस्ता त्यांच्यासाठी संपला. ते तसं बोलून दाखवत नाहीत, पण मी लडाखला ड्यूटीवर जाऊन आलो की एकच चौकशी असते: "लामायुरूच्या खालची वळणं अजून तशीच हायत का?"

गूगल अर्थचं व्हीआर रूप फुकट मिळतं. नातवानं उत्साहानं आजोबांना हेडसेट घातला, चित्र स्पष्ट दिसावं म्हणून रेझोल्यूशन १५० टक्के ठेवलं आणि सोनमर्गवरून निघाला. तिसऱ्या मिनिटाला आबांनी हेडसेट काढून त्याच्या हातात दिला. घाम फुटला होता. तासभर पडून राहिले आणि उठल्यावर म्हणाले, "माज्यासाठी पुन्हा लावू नका रे." घाटात हजारो किलोमीटर गाडी चालवलेल्या माणसाला गाडी लागावी, हे त्यांना फार लागलं. ते पुन्हा एकदाच तयार होतील, हे मला माहीत होतं.

गरगरण्याचं कारण साधं होतं. व्हाइव्हचा पडदा सेकंदाला ९० चित्रं दाखवतो, म्हणजे एका चित्रासाठी कार्डाला ११.१ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात चित्र झालं नाही तर स्टीमव्हीआर जुनंच चित्र थोडं सरकवून दाखवतं. मान वळवली तर ते बऱ्यापैकी खपून जातं, पण पुढं सरकताना डोंगर हिसके देतात. डोळे एक सांगतात, कान आणि पोट दुसरं.

त्यातून टक्क्यांचा हिशेब बहुतेकांना फसवतो. पडद्यावर एका डोळ्यासाठी १०८० गुणिले १२०० बिंदू आहेत, साधारण १३ लाख. पण स्टीमव्हीआरचे १०० टक्के म्हणजे १५१२ गुणिले १६८०, म्हणजे २५ लाखांच्या वर. भिंगामुळे चित्र वाकतं, ते आधीच उलट वाकवून द्यावं लागतं आणि त्यात मधला भाग ताणला जातो. म्हणून ही जादा भरती. आणि टक्के रुंदीचे नसतात, एकूण बिंदूंचे असतात. १५० टक्क्यांना रुंदी जेमतेम २२ टक्के वाढते, पण कार्डावरचं ओझं दीडपट. उलट ६५ टक्क्यांना एका डोळ्यासाठी साडेसोळा लाख बिंदू उरतात, पडद्यावरच्या बिंदूंपेक्षा जास्तच. मधोमध किंचित मऊ दिसतं, इतकंच.

शिवाय लडाखमध्ये जमिनीजवळ उतरलं की दिसतो तो उपग्रहाचा फोटो. तोच पुसट आहे. रेझोल्यूशन वाढवून तो स्पष्ट होत नाही.

मी स्वयंचलित पर्याय बंद केला, फ्रेम टायमिंगचा आलेख उघडला आणि आबा जिथं थांबणार तिथंच, लामायुरूवर कमी उंचीवर, मोजत बसलो. न्यूयॉर्कच्या इमारतींवर जुळवणी करून उपयोग नव्हता, आबांना तिकडं जायचं नव्हतं. १५० ला सतरा-अठरा मिलिसेकंद. १०० ला बारा-तेरा. ८० ला सकाळी साडेदहा आले आणि मी खूश झालो असतो, पण दुपारी तीनला तेच अकराच्या वर गेले. कार्ड तापलं की आपला वेग स्वतःच कमी करतं. ६५ ला भर दुपारीही नऊच्या आसपास. तिथं थांबलो. कॉन्व्हॉयचा वेग भरलेल्या गाडीवर ठरवतात, मोकळ्या जीपवर नाही, हे आबांनीच शिकवलंय.

रेझोल्यूशनमध्ये जे गेलं त्यातलं बरंचसं दुसरीकडून परत मिळालं. व्हाइव्हची भिंगं मधोमधच स्वच्छ दाखवतात, त्यामुळे हेडसेट बोटभर वरखाली झाला तरी फरक पडतो. डोळ्यांतलं अंतर बाजूच्या चकतीनं जुळवलं. वाचायचा चष्मा काढून दूरचा घातला. भिंगांमुळे चित्र काही हात लांब असल्यासारखं पडतं. आणि कम्फर्ट मोड चालू ठेवला, त्यात पुढं सरकताना कडेचं दृश्य झाकलं जातं.

रविवारी आबा खुर्चीत बसले. अट घातली, पाच मिनिटं. फोतुलावरून लामायुरूकडं उतरायला लागलो तेव्हा त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जात होता. "हितं दुसरा गिअर," ते म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. वळणांपाशी मला थांबायला सांगितलं आणि डावीकडं मान वळवून खाली बघत राहिले. तिथं त्यांच्या पुढची गाडी गेली होती, एवढंच सांगितलं. त्यात कोण होतं ते मी विचारलं नाही.

पंचवीस मिनिटं झाली होती. हेडसेट काढल्यावर पाणी मागितलं, डोकं दुखतंय का विचारलं तर हातानं नाही म्हणाले.

नातवाला त्याच्या गाड्यांच्या खेळाला ९० टक्के हवेत. स्टीमव्हीआरमध्ये प्रत्येक कार्यक्रमाचं रेझोल्यूशन वेगळं ठेवता येतं, त्यामुळे त्याचं त्याला दिलंय. गूगल अर्थच्या आकड्याला हात लावायचा नाही, अशी तंबी आहे. पुढच्या रविवारी कारगिलपर्यंतचा अलीकडचा टप्पा करायचा आहे. आबांनी वहीत थांबे लिहून ठेवलेत.