बारा एकवीसची दुपार

वाशीमच्या मध्यमेश्वरावरून पृथ्वीची मध्यरेषा जाते, असं गावात सांगतात. पाहुणा हसतो, रेषा ग्रिनिचला असते हे त्याला शाळेपासून पाठ. पण सातव्या शतकातल्या भास्करानं (लीलावतीचा कर्ता नव्हे, त्याच्या पाचशे वर्षं आधीचा) ‘महाभास्करीया’त लंका ते मेरू या रेषेवरची गावं दिली आहेत. त्यांत अवंती, म्हणजे उज्जैन आहे, तसंच वात्स्यगुल्मही. वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म, म्हणजेच हे वाशीम. इतर गावच्या ज्योतिष्यांना ग्रहगणितात देशांतराचा संस्कार करावा लागे, मध्यरेषेवरच्याला तो माफ.

रेषा मात्र सरळ नव्हती. उज्जैन वाशीमच्या सव्वा अंशाहून जास्त पश्चिमेला, म्हणजे तिथली माध्यान्ह पाच-साडेपाच मिनिटं उशिरा. तेवढ्याकडे काणाडोळा करून गणित शतकानुशतकं चाललं. मला यात गैर वाटत नाही. वेळ मोजायला कुठल्या तरी एका जागेवर एकमत लागतं. जागा पुढंमागं झाली तरी भागतं.

1906 पासून हे एकमत साडेब्याऐंशी अंशांवर, मिर्झापूरकडे सरकलं. घड्याळात बारा वाजतात तेव्हा वाशीमचं ऊन अजून चढतच असतं. सूर्य माथ्यावर यायला सरासरी साडेएकवीस मिनिटं जातात, घटकेला थोडी कमी. फेब्रुवारीच्या मध्यात तर साडेबाराही उलटतात. नोव्हेंबर लागताना मात्र पाचच मिनिटांत काम होतं.

याच सुमारास, 1905 मध्ये, जिल्ह्यातल्या शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या पूजेचं वेळापत्रक श्वेतांबर आणि दिगंबर पंथांनी आपसांत ठरवलं. मूर्ती एक, वाटणी झाली ती तासांची. तरी वाद मिटला नाही. तो प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, पुढे 1981 मध्ये कुलूप लागलं, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2023 मध्ये ते निघालं. शेत वाटलं तर मध्ये धुरा घालता येतो. तासांच्या मध्ये काय घालणार? तिथं दोघांचा एकमेकांवर भरवसाच लागतो.

शेतातली वेळ याहून निराळी. पेरणीचा विचार मिरगावर, दुपारची सुट्टी उन्हावर, आणि रब्बीत हरभऱ्याचं ओलीत थ्री फेजवर. लाइन रात्रीची असली तर थंडीत कानाला रुमाल बांधून, बॅटरी घेऊन निघायचं. मध्यरेषा कुठूनही जावो. नक्षत्र, सूर्य आणि वीज कंपनीचं वेळापत्रक अशी तीन घड्याळं एकच माणूस सांभाळतो आणि त्यांची सरमिसळ होऊ देत नाही. त्याला भरदुपारी ‘किती वाजले?’ विचारा, तो खिशातला मोबाइल काढतो. ‘जेवाचं काय?’ विचारा, तो वर बघतो.