पुढचं विचारणारा फॉर्म

सातपुड्यातल्या पाड्यांवरून नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याला शिकायला आलेली मुलं पदवीच्या शेवटच्या वर्षाला पोचतात, तेव्हा त्यांच्याजवळ बटणाची एक प्लास्टिकची फाइल असते. जातीचा दाखला, वैधता, अधिवास, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधारच्या झेरॉक्स, पासबुकाचं पहिलं पान. पावसात पोरं भिजतात, पण फाइल शर्टाच्या आत कोरडी असते. मी इथे अर्थशास्त्र शिकवते. दरवर्षी एम.ए.साठी जिल्ह्याबाहेर जाऊ पाहणारी चार-दोन मुलं-मुली ती फाइल घेऊन माझ्यासमोर बसतात.

त्या फाइलीतला जवळजवळ प्रत्येक कागद मागचं विचारतो. अनुसूचित जमातीची वैधता हवी असेल तर ६ सप्टेंबर १९५०च्या आधीची नोंद सर्वांत वजनदार. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जमात लिहिलेली असली की काम सोपं. पण अक्राणी (धडगाव) तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर त्या काळात शाळाच पोचली नव्हती. मग चुलत्याची वैधता शोधा, जुना महसुली कागद शोधा, वंशावळ काढा. कागद पुरेसे वाटले नाहीत तर आप्तभाव चाचणी, म्हणजे देव कोणते, लग्नात काय करता, मयताला काय करता. सातपुड्यात जन्मलेल्या मुलीने शहरातल्या टेबलासमोर स्वतःचे देव सांगायचे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३मध्ये म्हटलं, की ही चाचणी म्हणजे प्रत्येक प्रकरणातली निर्णायक कसोटी नव्हे. बरं झालं. घरच्या वनदाव्याची फाइल वेगळीच. वनहक्क कायदा २००६चा, आणि त्याला जमिनीचा ताबा १३ डिसेंबर २००५च्या आधीपासूनचा दाखवावा लागतो. एकाच घरातली एकच मुलगी दोन तारखांच्या मागे धावत असते, एक आजोबांच्या काळातली आणि दुसरी तिच्या जन्माच्या आसपासची. तिचा जन्म कधीचा, हेही कागदावरच ठरलेलं. माझ्या वर्गातले निम्मे १ जूनला जन्मले आहेत. आश्रमशाळेत नाव घालताना गुरुजींनी ती तारीख टाकली आणि पुढे सगळ्या कागदांनी ती मान्य केली.

आणि मग एक दिवस एसओपी येतं. स्टेटमेंट ऑफ पर्पज. सगळीकडे लागत नाही. हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठासारख्या ठिकाणी सीयूईटी-पीजी या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर भागतं. पण काही विद्यापीठांना आणि परदेशी शिष्यवृत्त्यांना तर हमखास लागतं. तुम्हाला काय शिकायचं आहे, का शिकायचं आहे, शिकून काय करणार? एवढ्या सगळ्या कागदांत पुढचं विचारणारा हा पहिलाच.

धडगावकडच्या एका मुलीने, गेल्या वर्षीची गोष्ट, तिचा पहिला मसुदा मला दाखवला. सुरुवात होती, ‘महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय सादर करते की’. मी हसले नाही. तिच्या दृष्टीने अर्ज म्हणजे हाच. गावाचं नाव, वडिलांचा व्यवसाय, एकूण क्षेत्र, जमात, आणि शेवटी ‘तरी मला प्रवेश मिळावा ही नम्र विनंती’. स्वतःला काय हवं आहे यावर एक ओळ नव्हती, कारण तसं कुणी कधी विचारलंच नव्हतं.

दुसरा मसुदा महिनाभराने आला. मधल्या काळात तिने मोबाइलवर व्हिडिओ पाहिले होते. आता त्यात रस्ता नसलेला पाडा होता, नर्मदेच्या काठच्या बोटी होत्या, उपाशीपोटी केलेला अभ्यास होता (उपाशी ती कधी नव्हती, हे तिनेच नंतर सांगितलं), आणि शेवटी वचन होतं की शिक्षण घेऊन मी माझ्या गावी परत येईन व समाजाची सेवा करीन. या शेवटच्या वाक्यापाशी मी नेहमी अडखळते. आदिवासी मुलांच्या एसओपीत ते असतंच. त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं की निवड समितीला हेच आवडतं, आणि ते खोटंही नाही.

पुण्यातल्या कोथरूडच्या मुलाने लंडनला अर्ज केला तर कोथरूडला परत येऊन कोथरूडची सेवा करणार का, असं त्याला कुणी विचारत नाही. त्याला खेळांचं अर्थशास्त्र शिकायचं असलं तर ती त्याची आवड. आमच्या मुलीला चलनवाढीच्या अर्थशास्त्रात रस असला तर लगेच प्रश्न येतो की याचा तुमच्या समाजाला उपयोग काय. गरिबाच्या कुतूहलाला आधी उपयोगाचा दाखला लागतो.

परत येण्याचा करार आपल्याकडे पूर्वीही होत असे, पण तो निदान करार होता. ४ जून १९१३ला भीमराव आंबेडकरांनी बडोदा सरकारशी तो केला. महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती, तीन वर्षांची, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात; आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी. ही कथा मी वर्गात सांगते, कारण बडोदा इथल्या मुलांना दूरचं वाटत नाही. नवापूरहून गाडी सुरतेकडे निघाली की थोड्याच वेळात सोनगड येतं, आणि गायकवाडांच्या सत्तेचा पाया त्या सोनगडच्या किल्ल्यात घातला गेला. शिष्यवृत्ती देणारे सयाजीराव मूळचे मालेगावजवळच्या कवळाण्याचे. म्हणजे आपल्याच मुलखातले म्हणायला हरकत नाही.

करार पाळायला आंबेडकर आले. सप्टेंबर १९१७मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून, मुदत संपली म्हणून, बडोद्याला हजर झाले. नोकरी होती, हुद्दा होता. राहायला खोली नव्हती. एका पारशी उताऱ्यात जात लपवून थांबले, काही दिवसांत लाठ्या घेतलेले लोक दारात आले, आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. सामान घेऊन ते सार्वजनिक बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले. पुढे पैसे जमवून, शाहू महाराजांची मदत घेऊन, ते पुन्हा लंडनला गेले आणि रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध पूर्ण केला. दहा वर्षांच्या कराराचं काय झालं, असं वर्गात एका मुलाने विचारलं होतं. मी त्याला म्हटलं, परत येणाऱ्याने यायचं असतं, तसं गावानेही घ्यायचं असतं. करारावर सही मात्र एकाचीच होती.

ब्रिटिश सरकारच्या चेवनिंगसारख्या शिष्यवृत्तीतही अट असते, की शिकून मायदेशी परता आणि दोन वर्षं राहा. तिला माझी हरकत नाही. ती लिहिलेली आहे, तिला मुदत आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी केंद्राची परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती आहे, देशभरातून वर्षाला २० जणांना. त्या वीसांतला एखादा जर्मनीत राहून भूगर्भशास्त्र करत राहिला, तर त्याने सातपुड्याला फसवलं असं मला वाटणार नाही. आजन्म, बिनमुदतीचं, अर्जातच काढून घेतलेलं वचन मला खटकतं. त्या मुलीला मी एवढंच म्हटलं, की हे वाक्य तुला खरंच लिहायचं असेल तर ठेव, नाही तर काढ. तिने दोन दिवसांनी ते काढलं आणि त्या जागी लिहिलं, की ऊसतोडीची उचल आणि तिची फेड यांचा हिशेब तिला नीट शिकायचा आहे, कारण घरात तो कधीच जुळला नाही. इतकं चांगलं संशोधनाचं कारण मी बऱ्याच दिवसांत वाचलं नव्हतं.

तिचं घर स्थलांतराचं. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येते आणि पाड्यावरची निम्मी घरं दक्षिण गुजरातेत, बारडोलीच्या बाजूला उसावर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पीठ, भांडी, कोंबड्या, लहान मूल, सगळं बरोबर. म्हणून मुलगी शिकायला दूर जाणार म्हटल्यावर त्या घरात रडारड झाली नाही, चौकशी झाली. आईने तिला विचारलं, तिथे आपल्यातलं कोण आहे? आधी कोण जाऊन आलंय? पैसे आधी की काम झाल्यावर? जेवण त्यांचं की आपलं? सुट्टी कधी? करिअर मार्गदर्शनाच्या शिबिरांत मी तास-तास बसले आहे, पण इतके नेमके प्रश्न तिथे ऐकले नाहीत. पहिल्या दोन प्रश्नांच्या उत्तरासाठी आम्ही मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकून गेलेला शहादा तालुक्यातला एक मुलगा शोधला. तो फोनवर तासभर बोलला, आणि बहुतेक मेसबद्दल बोलला.

पैसे आधी की नंतर, हा खरा पेच. प्रवेशाचं पत्र आलं की काही दिवसांत शुल्क भरायचं असतं. शिष्यवृत्ती मागून येते. बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठासारख्या ठिकाणी घरच्या उत्पन्नानुसार शुल्कात सवलत मिळते, हे मुलांना सांगितलं तर अर्ज करतात. नाही तर शुल्काचा आकडा पाहून पान बंद करतात. वसतिगृह मिळालं नाही तर आदिवासी विकास विभागाची स्वयम योजना आहे, जेवणाखाणाचे आणि खोलीचे पैसे थेट खात्यात. धडगावच्या मुलांना त्यासाठी तळोद्याचं प्रकल्प कार्यालय, शहादा-नवापूरच्यांना नंदुरबारचं. यात कुठेही हुशारीची परीक्षा नाही, धीराची आहे. आणि ओटीपीची. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१०ला आमच्याच जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, याचा आम्हाला अभिमान आहे. पण त्या आधारला जोडलेला मोबाइल पाड्यावर वडिलांकडे, रेंज समोरच्या टेकडीवर, आणि मुलगी शहाद्याच्या सायबर कॅफेत. आकडा येईपर्यंत मुदत संपते. पुन्हा फोन, पुन्हा टेकडी.

परीक्षेचंही तसंच. सीयूईटी-पीजी मार्चमध्ये होते. २०२५ साली ती १३ मार्चला सुरू झाली आणि त्याच रात्री होळी होती. ज्यांनी हे वेळापत्रक केलं त्यांच्यासाठी होळी म्हणजे एक दिवसाची सुट्टी असेल. इथे त्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार भरतात, उसावर गेलेली माणसं परततात, काठी गावच्या होळीला रात्रभर ढोल चालतात, नवस असलेले लोक मोरपिसांचा टोप घालून नाचतात. घरातली सगळी माणसं वर्षात एकदाच एका जागी असतात, आणि पोरगी पेपर द्यायला निघालेली. गेल्या वर्षी मुंबईला मुलाखतीला जातानाही धडगावकडच्या त्या मुलीने नंदुरबारहून खान्देश एक्सप्रेस धरली, म्हणजे आधी गुजरात आणि मग मुंबई. आमच्याकडून मुंबईला जायचं तर रेल्वे आधी राज्याबाहेर काढते. नवापूरच्या स्टेशनात तर हद्द फलाटावरूनच जाते.

मुलाखतीत शेवटी तो प्रश्न आलाच. शिकून गावी परतणार का? तिने सांगितलं, आत्ताच सांगता येणार नाही. प्रवेश मिळाला.

सामान बांधणं सोपं होतं, ते तिच्या आईने केलं. अवघड निघालं दुसरंच. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता सुमारे ६४ टक्के होती, राज्यात सर्वांत कमी. अशा जिल्ह्यात शिकलेलं मूल म्हणजे घराचं कार्यालय. वनदाव्याचं पत्र कुठे ठेवलं, रेशनची ई-केवायसी कधी करायची, मजुरी खात्यात आली का, मुकादमाच्या वहीत उचल किती लिहिली, हे सगळं तिला तोंडपाठ. ती गेली तर हे कुणी वाचायचं? म्हणून निघण्याआधीचे पंधरा-वीस दिवस ती धाकट्या भावाला घेऊन बसली. तो नववीत, त्याचं लक्ष क्रिकेटमध्ये. तिने वहीत लिहून दिलं, कुठलं कार्यालय कुठल्या वारी, कुणाला काका म्हणायचं आणि कुणाला साहेब. पासवर्ड शेवटच्या पानावर. मी विचारलं, याला जमेल का? ती म्हणाली, मॅडम, वडिलांना ओटीपी वाचता येत नाही, पण आकडे ओळखतात. तो फोन करेल, ते एकेक आकडा सांगतील, हे दोघांना शिकवलंय. आणि नाहीच जमलं तर मी तिथून करीन, तिथे रेंज असते.

आता तो भाऊ दहावीत आहे. मागच्या आठवड्यात शिष्यवृत्तीचा फॉर्म घेऊन आला होता. जन्मतारीख लिहिताना त्याने मान वर केली आणि विचारलं, मॅडम, ताईची पण १ जूनच आहे, दोघांची एकच चालेल ना?